तात्यांचा हिरवा दिवा

बोरजाईवाडीच्या ग्रामपंचायतीबाहेर जो मोठा फलक होता, त्यावर गावातल्या प्रत्येक घराचा एक दिवा होता. त्या उन्हाळ्यात एकेक करत सगळे दिवे हिरवे झाले. एकच तेवढा पिवळा राहिला, आणि तो नेमका रेश्मा मानेच्या घरचा. घरोघर हिंडून संडास वापरा, हात धुवा, पाणी झाकून ठेवा म्हणून गावाचं डोकं खाणारी बाई हीच. तिच्याच घरचा दिवा पिवळा म्हटल्यावर लोक काय सोडतात होय? दळणाच्या गिरणीत, दूध घालायला, जाईल तिथं तिला एकच चौकशी. "काय रेश्मा, कोण हाय तुमच्यात मागं ऱ्हायलेलं?"

रेश्मा गावची जलसुरक्षक होती. टाकीत क्लोरिनची पावडर टाकायची, नळाच्या पाण्याची तपासणी करायची, आणि आता या नव्या यंत्राची देखभालही तिच्याच गळ्यात पडली होती. यंत्राचं नाव पारखी. काडेपेटीएवढी डबी, पण कामाची मोठी. संडासाच्या भांड्याखाली जे वळण असतं आणि ज्यात कायम थोडं पाणी साठून राहतं, तिथं ती बसवलेली असे.

माणसाच्या आतड्यात कोट्यवधी जंतू नांदत असतात, आणि ते असतात म्हणून तर अन्न पचतं. पण कुणाच्या पोटात कुठले जंतू जास्त आणि कुठले कमी, हे प्रमाण माणसागणिक वेगळं. अंगठ्याचा ठसा असतो ना, तसंच. पारखीच्या आत केसाहून कितीतरी पटीनं बारीक छिद्रं होती. पाण्यातल्या जंतूंचे जनुकांचे धागे त्या छिद्रांतून सरकले, की विजेचा प्रवाह किंचित हलायचा, आणि त्या हलण्यावरून यंत्र धागा वाचायचं. कोण येऊन गेलं हे त्याला कळे. पोटात एखाद्या रोगाचा जंतू असेल तर तो कळे. तो जंतू कुठल्या औषधाला दाद देत नाही आणि कुठल्या औषधानं मरतो, हेसुद्धा त्याच्या धाग्यात लिहिलेलं असतं, तेही तासाभरात कळे. रोग पसरायच्या आधीच त्याचं मूळ धरायचं, अशी ती योजना होती. अट एकच. घरातल्या प्रत्येक माणसानं सुरुवातीला एका डबीत आपला नमुना द्यायचा आणि मग रोज घरच्याच संडासात जायचं. सगळी माणसं आली की घराचा दिवा हिरवा.

आणि मान्यांच्या घरात तात्या काही जात नव्हते.

तात्या म्हणजे शामराव माने, रेश्माचे सासरे. एकेकाळचे सरपंच. ज्या काळात लोक भल्या पहाटे टमरेल घेऊन रस्त्याकडेला बसायचे, त्या काळात तात्यांनी गळ्यात शिट्टी अडकवून पथक काढलं होतं. बसलेला माणूस दिसला की शिट्टी. दांडगी दांडगी माणसं धोतर सावरत पळायची. गावातले निम्मे संडास तात्यांनी मागं लागून बांधून घेतलेले. मात्र त्यांच्या स्वतःच्या घरात, पत्नी गेल्यावर मुलानं, रेश्माच्या नवऱ्यानं अजितनं घर नव्यानं बांधलं तेव्हा, गवंड्यानं संडासाचं दार स्वयंपाकघराच्या अगदी शेजारी काढलं. चुलीपुढे सून भाकरी थापत बसलेली, आणि तिच्या देखत आपण बादली घेऊन आत शिरायचं, आतलं सगळं तिला ऐकू जायचं! तात्यांना ते मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तोंडानं ते काही बोलले नाहीत. उजाडायच्या आत काठी टेकत ओढ्याच्या वरच्या अंगाला करंजाच्या झाडीत जायला लागले, एवढंच.

हे रेश्माला माहीत होतं. अजितला माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं.

"अहो, तुम्ही सांगा ना त्यांना," रेश्मा नवऱ्याला म्हणायची.

"मी? बापाला? जनमभर दुसऱ्यास्नी शिकवलं त्यांनी. तूच सांग, तुझं कामच हाय ते."

"मी सासऱ्याला सांगू, की संडासला घरात बसा म्हणून?"

अजित हसायचा, आणि विषय तिथंच राहायचा. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला तिनं हे तोंडावर सांगितलं असतं, सांगितलंही होतं. पण मामंजींसमोर तिचा पदर डोक्यावर यायचा आणि जीभ टाळूला चिकटायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं त्यांच्याशी बोलणं म्हणजे "जेवायला वाढलंय" आणि "गोळी घेतली का" एवढंच.

शेवटी तिनं सोपा मार्ग काढला. तिला यंत्र ठाऊक होतं, त्याची खोडही ठाऊक होती. तात्यांच्या नावाच्या डबीत तिनं थोडा स्वतःचा आणि थोडा अजितचा नमुना मिसळला आणि डबी पाठवून दिली. झालं. सकाळी ती आणि अजित दोघं जाऊन आले, की वळणातल्या पाण्यात दोघांचे जंतू एकत्र यायचे आणि पारखीला वाटायचं, तात्या आले. अजित परगावी गेला की तात्यांची नोंद गळायची, मग रेश्मा म्हणायची, मामंजी पण लेकीकडं गेलेत. यंत्राला काय, जे द्याल ते खाणार.

त्याच आठवड्यात फलक अख्खा हिरवा झाला. सरपंच मंदाकिनीताईंनी पेढे वाटले. जिल्ह्याहून साहेब आले, त्यांनी तात्यांना फेटा बांधला, शिट्टीच्या जुन्या गोष्टी निघाल्या. तात्या हसत होते खरे, पण फोटो काढताना त्यांनी एकदाच सुनेकडे पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. त्यांना कळलं असावं. घरी आल्यावर दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. रेश्माला वाटलं, कुणाचं काय बिघडलं यात?

सुगी संपली तसे धुळा आणि कोंडाबाई मेंढरं घेऊन आले. दरसालचा रिवाज. मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी रानाला खत होतं, त्याबद्दल शेतकरी धान्य देतात. ओढ्याच्या कडेला त्यांनी मेंढरांभोवती जाळीची वाघर लावली, पाल ठोकलं. त्यांची पोरगी साळू, बारा-तेरा वर्षांची, कोकरामागं उड्या मारणारी. गावाचा नळ तिथवर नाही. ओढ्याच्या वाळूत हातभर झिरा उकरला की स्वच्छ, गार पाणी लागतं, ते आजवर सगळ्यांनीच प्यायलेलं. रेश्मानं कोंडाबाईला क्लोरिनच्या गोळ्या नेऊन द्यायचं ठरवलं होतं. आज देऊ, उद्या देऊ करत ते राहून गेलं.

पहिल्यांदा ताप साळूला आला. मग त्या बाजूच्या रानात शेजारच्या वाडीहून भांगलायला आलेल्या दोघी बायका पडल्या. त्यांनीही झिऱ्याचंच पाणी प्यायलं होतं. टायफॉइड निघाला. जुनी माणसं ज्याला मुदतीचा ताप म्हणतात, तो.

चावडीपुढे माणसं जमली. मंदाकिनीताईंनी रेश्माला पुढं बोलावलं.

"रेश्मा, यंत्र काय म्हणतंय? गावात कुणाच्या पोटात हाय का हा जंतू?"

रेश्मानं शेजारच्या ग्रामपंचायतीच्या फलकाकडे पाहिलं. सगळे दिवे हिरवे. तिच्या घरचाही. तिला आठवत होतं, सगळं आठवत होतं. करंजाची झाडी झिऱ्याच्या वर, वाहत्या पाण्याच्या वरच्या अंगाला. आणि अजित एकदा बोलता बोलता म्हणाला होता, तात्या तरुणपणी मुदतीच्या तापानं मरता मरता वाचले होते. काही माणसांच्या पित्ताशयात हा जंतू बरा झाल्यावरही घर करून राहतो, त्यांना स्वतःला काहीच होत नाही, पण आयुष्यभर तो बाहेर पडत राहतो, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिनंच ते पुढं बायकांना शिकवलं होतं.

"यंत्रात तसं काही दिसत नाही," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. यंत्रात खरंच काही दिसत नव्हतं.

"मग गावातलं न्हाईच ते!" कुणीतरी ओरडलं. "भाईरनं आलेलं हाय. संडास कुणाकडं न्हाई? मेंढक्याकडं!"

गर्दी ओढ्याकडे निघाली तशी रेश्माही सोबत गेली. आपण असलो तर निदान मारहाण होणार नाही, असं तिनं मनाला सांगितलं. मारहाण झाली नाही. बोलाबोली मात्र अशी झाली की ऐकवेना. याच लोकांना याच माणसांच्या मेंढरांच्या लेंड्या रानात हव्या होत्या. धुळा वाघर गुंडाळायला लागला. कोंडाबाईनं साळूला घोंगडीत गुंडाळून घोड्यावर बसवलं. पोरीची मान एका बाजूला कलंडत होती.

"ताई, तुमी तरी सांगा की ह्यास्नी," कोंडाबाई म्हणाली. "आमी आलो तवा पोरगी धडधाकट हुती. आमी हितलंच पानी प्यालो."

सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. डबी सांगायची, फेटा सांगायचा, मामंजींची झाडी चावडीवर आणायची. रेश्मानं खाली पाहिलं. वर पाहिलं तेव्हा मेंढरं पांदीच्या वाटेला लागली होती.

दोन दिवस ती कामं करत राहिली. टाकीत पावडर टाकली, नळाचं पाणी तपासलं. जेवण गोड लागत नव्हतं. आपण एवढ्या वाईट आहोत हे तिला आजवर माहीत नव्हतं.

मग तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून डॉ. काझींचा फोन आला. या बाईंनीच तिला प्रशिक्षण दिलं होतं.

"रेश्मा, तुमच्या शिवारातून आलेली मुलगी आहे माझ्याकडे. साळू. टायफॉइड आहे, पण नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीये. वाटेत कुणीतरी इंजेक्शनं टोचलीत, त्यामुळे रक्तात जंतू वाढवून बघताच येत नाहीये. हा कुठल्या जातीचा जंतू आहे ते कळलं तर मी नेमकं औषध देऊ शकेन. त्याचं मूळ सापडलं का तुमच्या पारखीत?"

"नाही, मॅडम."

"आश्चर्य आहे. मूळ तिथेच असणार. नीट बघ पुन्हा. पोरीच्या आतड्याला भोक पडायला वेळ लागणार नाही."

फोन ठेवला तेव्हा अजित समोरच होता. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"गप बस," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तात्यांची अब्रू जाईल. तुझी नोकरी जाईल. गावाचा मान जाईल. आणि तात्यांच्याच पोटातलं असंल कशावरनं?"

"म्हणून तर बघायला पाहिजे."

"आणि बघायचं कसं? त्यांच्याकडं डबी मागनार कोन?"

त्या क्षणी रेश्माला नवऱ्याचा राग आला नाही. तिला एवढंच दिसलं, की आपण दोघं इतके दिवस हाच प्रश्न एकमेकांकडे टोलवत होतो आणि तिकडे एक पोरगी घोंगडीत गुंडाळून घोड्यावर बसली होती.

तात्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. रेश्मा त्यांच्यासमोर जाऊन खाली बसली. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिनं सावरला नाही.

"मामंजी, तुमी ओढ्यावर जाता. करंजाच्या झाडीत."

अडकित्ता थांबला.

"त्याच्या खालच्या झिऱ्याचं पाणी पिऊन मेंढक्यांची पोरगी आजारी पडली. ती मरायला लागलीय. तुमच्या पोटात तो जंतू हाय का, ते मला आत्ता बघायचंय. तुमच्या नावाची डबी मी खोटी भरली होती. तवाच तुमच्याशी बोलायला हवं होतं. मला लाज वाटली."

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"मी लोकांमागं शिट्ट्या मारत फिरलो," ते म्हणाले. "बायामाणसांमागंसुद्धा."

"मामंजी, आत्ता वेळ नाही."

"सूनबाई, ते दार... ते परसाच्या अंगाला काढा म्हनलो असतो, तर काढलं असतं का तुमी?"

"काढलं असतं की. गवंड्याचं एका दिवसाचं काम."

"मग बोललो का न्हाई आपन?"

रेश्मानं डबी त्यांच्यापुढे ठेवली आणि उठून अंगणाच्या पार टोकाला जाऊन पाठ करून उभी राहिली. अजितलाही तिनं हाताला धरून बाहेर आणलं. आत संडासाचं दार लागल्याचा आवाज आला.

यंत्रानं तासाभरात सांगितलं. जंतू होता, भरपूर होता. नेहमीच्या औषधांना तो दाद देणारा नव्हता. एकाच औषधाला तो मानणार होता, आणि त्याचं नाव पडद्यावर आलं. रेश्मानं ते डॉ. काझींना फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

"कुणाचा नमुना आहे हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या सासऱ्यांचा. मी लपवला होता."

त्या म्हणाल्या, "तिला मघाशीच भोक पडलंय. ऑपरेशनला घेतोय. औषध लगेच सुरू करते. बाकीचं नंतर बोलू."

त्या दिवशी तात्या स्वतः काठी टेकत चावडीवर गेले आणि चारचौघांत म्हणाले, की ओढ्यावर मी जात होतो, ताप माझ्यामुळं आला. आता बोंबाबोंब होईल म्हणून रेश्मानं डोळे मिटून घेतले. कसलं काय! "चालायचंच तात्या, वय झालं तुमचं," कुणी म्हणालं. कुणी त्यांना बसायला खुर्ची दिली. कुणी म्हणालं, औषध घ्या म्हंजी झालं. मंदाकिनीताईंनी रेश्माला बाजूला घेतलं. "एवढं जिल्ह्याला कळवायची घाई करू नगं. पुढच्या महिन्यात दुसरं पथक यायचंय बघायला."

"मी मघाशीच कळवलंय," रेश्मा म्हणाली.

ताईंचा चेहरा कडवट झाला, पण मेंढक्यांना जे बोललं गेलं त्यातला एक शब्दही तात्यांच्या किंवा तिच्या वाट्याला आला नाही. सगळी माणसं ओळखीची, घरची. तिला कुणी एखादी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

साळू वाचली. पोटावर लांब टाके, अंगात हाडं तेवढी राहिलेली, पण वाचली. त्या दोघी बायकाही त्याच औषधानं उठल्या. ते कळल्यावर रेश्मानं ज्वारीच्या भाकरी केल्या, मुगाची आमटी केली, डबा बांधला आणि दवाखाना गाठला.

कोंडाबाई खाटेजवळ जमिनीवर बसली होती. रेश्माला बघताच ती उठली आणि तिनं तिचे दोन्ही हात धरले.

"ताई, डाक्टरीनबाई म्हनली, तुमीच ते औषिद शोधून दिलं. माझी लेक तुमच्यामुळं हाय. आमाला त्येंनी हाकललं, पन तुमी इसरला न्हाईसा."

बायकांच्या कक्षात दोन्हीकडे खाटा होत्या, माणसं बघत होती. रेश्माला वाटलं, हे असंच राहू द्यावं. डॉक्टर काही बोलल्या नव्हत्या. कोंडाबाई तालुक्याबाहेर गेली की पुन्हा भेटायचीही नाही. हे हात असेच धरून ठेवावेत, डबा द्यावा, निघून जावं. किती सोपं होतं.

"कोंडाबाई, ताप आमच्या घरातनं आला," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यांच्या पोटात होता. ते वरच्या अंगाला जायचे."

कोंडाबाईला पहिल्यांदा ते उमगलं नाही. मग तिचे हात हळूच सुटले.

"तुमाला कवा कळलं?"

"नक्की कळलं ते यंत्रात बघितल्यावर. पण मनात आधीपासून होतं."

"आधी म्हंजी कवा? आमाला हाकललं तवा?"

"हो."

"तवा तुमी हुता न्हवं तिथं? मी तुमास्नी इचारलं."

"होते. मी गप्प बसले. मला लाज वाटली, आणि भीती वाटली. माझं चुकलं, कोंडाबाई. फार मोठं चुकलं."

कोंडाबाई खाली बसली. तिनं साळूच्या पायावरची चादर नीट केली, पुन्हा एकदा नीट केली. पोरगी डोळे मिटून पडली होती. रडणं, ओरडणं, शिव्याशाप, रेश्मा सगळ्याला तयार होती. पण तसं काहीच झालं नाही. कोंडाबाई नुसती त्या डब्याकडे बघत राहिली.

"ह्यात काय हाय?"

"भाकरी. आमटी. तुम्हाला, साळूलाही थोडी आमटी चालेल म्हणाल्या मॅडम."

"तुमच्याच घरची?"

"हो."

कोंडाबाईनं डबा हातात घेतला, उघडला नाही. मग तिनं मान वर करून रेश्माकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. पोरीच्या आईला जे विचारावंच लागतं, तेवढंच तिनं विचारलं.

"भाकरी थापायच्या आधी हात धुतलं हुतं?"

रेश्मानं हा प्रश्न आजवर गावातल्या एकूणएक बाईला विचारला होता. तिला स्वतःला तो कुणी कधीच विचारला नव्हता.

"धुतले होते," ती म्हणाली. "साबणानं. शपथ घेऊन सांगते."

कोंडाबाईनं थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि डबा तसाच परत तिच्या हातात दिला.